निम्म्यावरची केबल

लोकांचे निरोप कुलूपबंद ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. त्याला लागणारी आकड्यांची फाइल अर्धवट उतरली, तर ते कुलूप कुचकामी. म्हणून दर शुक्रवारी डाउनलोड निम्म्यावर आलं, की मी मुद्दाम इंटरनेटची केबल उपटतो. प्रोग्रामने "अपुरी" म्हणत फाइल फेकून दिली, की मला चहा गोड लागतो.

आज केबल माझ्या हातात होती आणि पडद्यावर आलं, "फाइल पूर्ण. ठसा जुळला."

खऱ्या फाइलचा ठसा, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून निघणारी आणि एक आकडा चुकला तरी बदलणारी अक्षरांची ओळ, भिंतीवर चिकटवलेला आहे. मी चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं ताडून पाहिली. एकही चुकलं नव्हतं.

"ताई, केबलशिवायच फाइल आली," मी शेजारच्या टेबलावरच्या सीनियरला म्हणालो.

"येते की," ती समाधानाने हसली. "माझी केबल तर सोमवारपासून ड्रॉवरमध्येच आहे. उद्याच्या तारखेच्या फाइलीसुद्धा येतात रे. आणि सगळ्यांचे ठसे जुळतात."