पोटात ऐकलेली गाणी

बाळ पोटात होतं, तेव्हा राजनंदिनी दुपारी आडवी पडून हेडफोन पोटावर ठेवायची आणि त्याला आपली लाडकी जपानी ॲनिमेची गाणी ऐकवायची. शब्द कळत नसत, पण वारज्यातला तो फ्लॅट अलगद ढगांवर तरंगायला लागायचा. नेमक्या तेव्हाच सासूबाई, दुर्गाबाई, दारात यायच्या.

"गर्भसंस्कार वाटतं! मूल जपानी बोललं, तर घरात दुभाष्या ठेवावा लागेल."

"तुमचे श्लोक ऐकून संस्कृत बोललं, तरी ठेवावाच लागेल, आई."

हे रोजचंच होतं.

आज बाळ दवाखान्यातून घरी आलं आणि रडून रडून लालबुंद झालं. राजनंदिनीने गाणं लावलं, तर ते आणखीच पेटलं. दुर्गाबाईंनी श्लोक म्हटला, तर त्याने सूर चढवला.

"तुझ्या गाण्यांनी बिघडलंय ते!"

"तुमच्या श्लोकांना घाबरलंय ते!"

दोघींची चांगलीच जुंपली. दम घ्यायला थांबल्या, तेव्हा बाळ कधीच गप्प झालेलं. पापण्या जड होऊन ते कुठेतरी ढगांवर निघालं होतं. पण खोली शांत झाली, तसे त्याने पुन्हा ओठ काढले.

"आई, थांबू नका," राजनंदिनी कुजबुजली, "मारा ना एखादा टोमणा."