बोटाचा डाग

आपल्या तलवारींच्या दुकानात कुवाबाराआजोबांनी बाबांची तलवार हाती घेतली आणि कागदाची घडी ओठांत धरली. जुन्या तलवारी अशाच पाहतात, श्वासाची वाफ पात्यावर जाऊ नये म्हणून. त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं आणि मला बसवत नव्हतं.

"आजच विकत घ्या. मिळतील तेवढे मिळोत," मी उभ्यानेच तिसऱ्यांदा म्हटलं.

बाबा गेल्यानंतरचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी कालच झाला होता. दर महिन्याला ते या पात्याला तेल लावत बसायचे. सात वर्षांची असताना मी त्याला बोट लावलं, तेव्हा महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते.

आजोबांनी मूठ काढून आतला काळा पडलेला भाग निरखला. मग पातं खिडकीकडे झुकवलं आणि एका जागी थांबले. अखेर ओठांतला कागद काढला.

"चारशे वर्षांची आहे. पण हा गंज बघ. एवढंसं बोट. कुणाचे प्रताप?"

"माझेच. झिलई केली की जाईल ना?"

"जाईल की. तुझा बाप ही घेऊन आला होता, तेव्हाच त्याला सांगितलं होतं, झिलई कर, किंमत दुप्पट होईल."

"मग?"

"विचारतो कसा, बोटाचा ठसा राहील ना? म्हटलं, अरे वेड्या, तो घालवायलाच तर घासायची. तर तलवार उचलून चालता झाला. चहा केला होता, तोही न पिता."

त्यांनी पातं माझ्यापुढे ठेवलं.

मी खाली बसले आणि तेलाची बाटली मागितली.