पाच नंबरचे बूट

"चष्मा पाण्यातलाच हाय ना? उन्हातला नको," रायभाननं पुन्हा विचारलं.

"पाण्यातलाच, मामा." शंभुराजनं खोकं उघडून दाखवलं. जिंतूरला बस स्टँडमागे त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. त्याला गिऱ्हाईक आधी बोलायला लागायचं, विकणं नंतर.

रायभान अनवाणीच आला होता. धोतरातून ठिबकलेलं पाणी फरशीवर साचलं होतं. टोपीच्या घडीत जपलेला कागद तेवढा कोरडा होता. त्यावर त्याच्या लेकीच्या, दीपिकाच्या अक्षरात यादी होती. पोहायचा चष्मा, पोहायची टोपी, पळायचे बूट पाच नंबर, सायकलचं हेल्मेट. हेल्मेटखाली तिनं दोन रेघा ओढल्या होत्या.

"पोहायचं, सायकल मारायची, वर पळायचं, तेही एका दमात! लेक लय धीराची हाय तुमची. नदीवर सराव चाललाय वाटतं? तुमीबी उतरला पाण्यात?"

"उतरावं लागलं."

"पहिल्यांदा भाग घेणाऱ्याला एवढं सामान पुष्कळ झालं. सायकल साधी असली तरी चालते. हाय ना?"

"हाय. पुढचं चाक वाकडं झालंय."

"आणा की, सरळ करून देतो."

रायभाननं कागदाची घडी घालून परत टोपीत ठेवली. गेल्या वर्षी दीपिकानं हाच कागद त्याच्यासमोर धरला होता. मेंढरांमागं पळतीस तेवढं बास झालं, म्हणून त्यानं हसण्यावारी नेलं. आता त्या हसण्याची त्याला लाज वाटत होती. पोरीनं पुन्हा विचारलं नाही, ते तर फारच लागलं होतं.

फोन वाजला. बायकोचा, केवळाबाईचा होता.

"अजून न्हाई?" रायभाननं विचारलं.

"न्हाई." तिचा आवाज दुकानभर ऐकू आला. "माणसं ताटकळल्यात. ऊन चढायलंय. लवकर या."

"लेक रुसली का काय?" शंभुराज हसला.

"रुसलीय. हे मिळाल्याबिगर ऐकायची न्हाई."

"मग पळा. थांबा, चहा तरी घ्या घोटभर."

"आज न्हाई घेत."

"बरं, बूट बसले न्हाईत तर रविवारपर्यंत आणा. बदलून देतो."

"बुटाचं माप चुकायचं न्हाई," रायभान म्हणाला आणि पिशवी छातीशी धरून रिक्षात बसला.

नदीकाठी सगळे तसेच उभे होते. त्याला पाहताच भावकीतल्या म्हाताऱ्या लिंबाजीनं वाट करून दिली. रायभाननं एकेक वस्तू काढून वाळूवर मांडली. हेल्मेट त्याच्या हातून लवकर सुटेना. केवळाबाईनं बुटांच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या.

"दीपे, समदं आणलंय बघ," रायभान हात जोडून म्हणाला. त्याला रडू आवरेना. "तुझा बाप चुकला, माय. आता राग सोड."

माणसं चार पावलं मागं सरली.

तेव्हा कुठे बाभळीवरचा कावळा खाली उतरला आणि दहाव्याच्या पिंडाला शिवला.