बंद मूठ

ब्रॉन्झव्हिल वस्तीतल्या जुन्या चर्चमध्ये आल्यागेल्याला दारापासून नेऊन जागेवर बसवायचं काम ओडेलियाकडे चाळीस वर्षं होतं. तिची जोडीदारीण वर्डेल पुढं वेदीपाशी उभी राहून पांढऱ्या हातमोज्याची बोटं वर करी. जितकी बोटं, तितक्या जागा रिकाम्या. मूठ दाखवली, की चर्च भरलं.

त्या रविवारी सकाळी वारसा समितीचा माणूस यायचा होता. चर्च नांदतं दिसलं तर वारशाच्या यादीत जाऊन वाचणार, नाहीतर पाडणार. प्रार्थनेला माणसं आली होती अकरा; बाकीच्या बाकांवरची एकेक करून देवाघरी गेली होती.

"येऊ दे त्याला," ओडेलिया पदर खोचल्याच्या थाटात हातमोजे ओढत म्हणाली. "माझ्या दारातून कुणी हिरमुसून गेलेलं नाही."

तो आला. ओडेलियानं सवयीनं पुढं पाहिलं. वर्डेलनं मूठ दाखवली.

"म्हातारे, चष्मा कुठं विसरलीस?" ओडेलिया पुटपुटली. वर्डेल हसली नाही. मूठही खाली आली नाही.

"बसा साहेब, जागाच जागा आहे," ती पाहुण्याला म्हणाली.

त्यानं आत पाहिलं, टोपी काढली. "कशाला कुणाला उठवता, बाई? मी उभा राहतो."

आणि "जरा सरकता का, जरा सरकता का," म्हणत, अंग चोरून, तो रिकाम्या वाटेनं भिंतीकडे गेला.