भरलेली ट्रॉली

सरकारी मदतीतलं दूध, अंडी, फळं महिनाअखेरपर्यंत घेतली नाहीत, तर त्यांवरचा हक्क बुडतो. अमेरिकेत केंटकीच्या डोंगरातल्या घरांचं हे नुकसान टळावं, म्हणून किराणा दुकानाचं ॲप सांभाळणाऱ्या ब्रिजिडनं त्यात एक सोय केली. ॲप उघडलं की त्या घराच्या हक्काच्या जिनसांनी भरलेली ट्रॉलीच समोर यायची. फक्त होकाराचं बटण दाबायचं.

सगळ्यांनी दाबलं. एकट्या ओपल आजींनी नाही. दोन वर्षांच्या नातवाला, कोडीला, सांभाळणाऱ्या आजी रोज सकाळी ॲप उघडत आणि लगेच बंद करत. महिना संपत आला, तशी ब्रिजिड थेट त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"आजी, अहो, बटण का दाबत नाही? कुठं अडतंय का?"

"माझं कशाला अडेल? त्या बाईचंच काहीतरी अडलंय."

"कुठल्या बाईचं?"

आजींनी फोन तिच्यापुढे धरला. "जिची ही ट्रॉली आहे, तिचं! बघ ना, अगदी आमच्या कोडीला लागतं तेच सगळं भरून ठेवलंय आणि स्वतः बेपत्ता. ती घेऊन गेली, की मी माझी भरायला घेईन."

 

ब्रिजिडनं बटणाकडे बोट नेलं, तसा आजींनी फोन मागे घेतला. "दुसऱ्याच्या ट्रॉलीला हात लावणाऱ्यांतली मी नाही गं, पोरी."