योग्य आकडा भरा

तिसऱ्यांदा फुंकलं तरी नळीवरचा लाल काटा दीडशेच्या पुढे सरकेना. तिने टॅबवर एकशे पन्नास लिहिलं. चौकट लाल झाली आणि खाली पुन्हा तीच ओळ उमटली: ‘योग्य आकडा भरा.’

“परत लाल,” मॉनिटर म्हणाली. “अगं, आपलाच गट राहिलाय.”

ते भिंतीवर सगळ्यांना दिसतच होतं. विज्ञानाच्या सरांनी प्रोजेक्टर लावून अख्ख्या वर्गाचा एकच तक्ता भिंतीवर पाडला होता. एका दमात जोरात फुंकायचं, छातीतून हवा किती वेगाने बाहेर पडते तो आकडा आपापल्या गटाच्या टॅबवर भरायचा, की भिंतीवर आपला ठिपका उमटणार. गटातल्या सगळ्यांच्या चौकटी भरल्या की गटाचं नाव हिरवं. हिरव्या गटाला पूर्ण गुण. बाकीचे गट केव्हाच हिरवे झाले होते आणि आता हातांची घडी घालून तिच्याकडे बघत होते.

वर्गात तिला शिट्टी म्हणायचे. दम लागला की तिच्या छातीतून बारीक आवाज यायचा, म्हणून. ज्याने हे नाव पाडलं त्याला त्या दिवशी आपण फार हुशार आहोत असं वाटलं असणार.

“दोनशे दहा टाक आणि मोकळी हो,” शेजारी बसलेला आतेभाऊ कुजबुजला. तो त्यांच्याच घरी राहून शिकायचा. ही कितीतरी रात्री उशांना टेकून बसल्या-बसल्या झोपते, हे त्याच्याइतकं वर्गात कोणाला ठाऊक नव्हतं. “कोण बघतंय?”

“मी बघतेय.”

“सगळे टाकतात गं.”

तिने पुन्हा एकशे पन्नास लिहिलं. लाल. आणखी एकदा लिहिलं. लाल. तिच्या मस्तकात तिडीक गेली.

सर बाकांमधून वाट काढत आले. माणूस वाईट नव्हता. हे टॅब मिळावेत म्हणून त्यांनी ऑफिसचे उंबरठे झिजवले होते. मधल्या सुट्टीनंतर मुख्याध्यापिका बाई तक्ता बघायला येणार होत्या, त्यामुळे त्यांचं अर्धं लक्ष दाराकडे होतं.

“काय गं, कुठे अडलं?”

“घेत नाही, सर.”

“नळी नीट धरली नसशील. ओठ घट्ट मिट, आणि एका दमात. फुंक बघू माझ्यासमोर.”

तिने फुंकलं. एकशे चाळीस. मागच्या बाकावरून कोणीतरी बारीक शिट्टी वाजवली आणि वर्गभर हसू पसरलं. सरांनी मागे वळून डोळे वटारले. पण वळता वळता त्यांनी आपलंही हसू दाबलं, ते तिला दिसलं.

“तुझ्याकडे दम्याचा पंप असतो ना?” सर म्हणाले. “तो ओढ, थोडी थांब आणि मग फुंक. बसेल आकडा.”

“पंप माझ्यासाठी आहे, सर. तक्त्यासाठी नाही.”

हसू थांबलं.

“उलट उत्तरं नकोत. अगं, दोनशेच्या खालचं तो घेतच नाही. मीच घातलीय ती मर्यादा. मागच्या तासाला कुणा शहाण्याने नाडीचे ठोके सात हजार भरले होते, आठवतंय ना? असले आकडे येऊ नयेत म्हणून.”

“दोनशे हे कुणाला फुंकायला लावून ठरवलंत?”

सरांनी पुन्हा दाराकडे बघितलं. “म्हणजे, साधारण. तुमच्या वयात तेवढं येतंच.”

“मला नाही येत.” तिला धाप लागली होती. शब्द तुटक येत होते आणि मधल्या जागेत छातीतली शिट्टी मागच्या बाकापर्यंत ऐकू जात होती. या वेळी कोणी हसलं नाही. “त्या सात हजारवाल्याने थाप मारली होती. मी काय केलं? आला तो आकडा लिहिला. तर तुमचा तक्ता मलाच खोटं पाडतोय.”

सरांनी घड्याळ बघितलं. मग ते आपल्या टेबलाशी गेले आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत लॅपटॉपवर दोन-चार कळा दाबल्या. “घे. काढली मर्यादा. भर एकदाचं.”

तिने एकशे पन्नास लिहिलं. चौकट लाल झाली नाही. गटाचं नाव हिरवं झालं. भिंतीवर तक्त्याची खालची रेघ आणखी खाली गेली, सगळे ठिपके वर सरकून दाटीवाटीने बसले आणि त्यांच्याखाली मोकळ्या जागेत एकच ठिपका उरला. तो कोणाचा हे कोणाला विचारावं लागलं नाही.

तिने दप्तरातून पंप काढला, हलवला आणि सगळ्यांसमोर ओढला.

आतेभावाने टॅब आपल्याकडे ओढला. तिच्याकडे न बघता त्याने स्वतःचे दोनशे दहा खोडले आणि नळीवर खरा आला होता तो आकडा लिहिला. भिंतीवर वरच्या दाटीतून एक ठिपका सुटला आणि खाली घसरत तिच्या ठिपक्याजवळ येऊन थांबला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात आणखी एक ठिपका सुटला. धुळीमुळे कायम बंद असलेल्या खिडकीजवळच्या बाकावर कोणीतरी टॅबवर वाकलं होतं. मग मागच्या बाकावर, शिट्टी वाजली होती तिथेच, आणखी कोणीतरी.

“टॅबला कोण हात लावतंय?” सरांनी विचारलं.

भिंतीवर ठिपके एकामागून एक खाली येत राहिले.