एक वर्ष मागचा लेखनिक

अंतिम वर्षाच्या परीक्षेपूर्वी चित्कला देवस्थळी विद्यापीठाच्या दिव्यांग सहाय्य कक्षात बसली होती. ती जन्मांध होती. परीक्षेत तिची उत्तरे लिहून देणारा तिचा यांत्रिक लेखनिक तिच्या कानामागे, त्वचेखाली बसवलेला होता आणि तीन वर्षांची सारी व्याख्याने तिने त्याच्याच स्मृतीत साठवली होती.

"नियम जुनाच आहे, बाळ," कक्षाधिकारी सबनीस म्हणाले. "लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक वर्ष मागचा हवा. म्हणून त्याचे शेवटचे वर्ष पुसतो."

"सर, लेखनिक माणूस होता तेव्हाचा नियम आहे हा! आता तो कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होते, हे मलाच सांगता येत नाही. त्याच्याबरोबर मीही पुसली गेले तर?"

"दरवर्षी सगळे हेच विचारतात. नंतर एकाचीही तक्रार येत नाही."

चित्कलाने खुर्चीचे हात घट्ट धरले. कळ दाबल्याचा बारीक आवाज झाला आणि तिची बोटे सैल पडली.

"आता नोंदीपुरते सांग, कोणत्या वर्षाला आहेस?"

"दुसऱ्या," ती प्रसन्नपणे म्हणाली.

सबनीसांनी अर्जावरचा आकडा काळजीपूर्वक दुरुस्त केला.

"मग लेखनिक पहिल्या वर्षाचा हवा," ते म्हणाले आणि त्यांचे बोट पुन्हा कळेकडे वळले.